रेंज फुल, तरी कॉल का अडकतो?

परवा घरून ऑफिसच्या कॉलवर होतो. वाय-फायची रेंज फुल. तेवढ्यात फोनने गुपचूप फोटोंचा बॅकअप सुरू केला आणि माझं बोलणं पलीकडे दोन-तीन सेकंद उशिरा पोचायला लागलं. स्पीड टेस्ट केली, तर स्पीड मस्त. मग घोळ कुठे? त्यासाठी आपल्याला १९८६मध्ये जावं लागेल.

अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून थेट ४० बिट्सवर आला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८च्या पेपरमध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं, तर तो निरोप समजा. रस्ता भरलाय, हळू पाठवा.

पुढे मेमरी स्वस्त झाली. पॅकेट वाया जाऊ नये म्हणून उपकरणांत मोठमोठे बफर आले. हेतू चांगलाच होता हो! पण पॅकेट हरवत नाही, म्हणजे निरोपही वेळेवर जात नाही. पाठवणारा ओततच राहतो, रांग वाढतच जाते.

वायरलेसमध्ये तर आणखी पंचाईत, कारण वेग सतत बदलतो. समजा बफर १ एमबीचा आहे. १०० एमबीपीएसला तो ८० मिलिसेकंदांत रिकामा होतो. तुम्ही भिंतीआड गेलात, वेग १ एमबीपीएसवर आला, की त्यालाच ८ सेकंद लागतात.

२०१०मध्ये जिम गेटिस यांना घरून मोठी फाइल पाठवताना हाच उशीर दिसला. त्यांनी त्याला नाव दिलं 'बफरब्लोट'. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' आणलं. त्यातली युक्ती अशी, की रांगेची लांबी मोजायची नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजायचं. १०० मिलिसेकंदांत एकदाही थांबणं ५ मिलिसेकंदांखाली आलं नाही, तर पॅकेट टाकायला सुरुवात. हाच विचार पुढे लिनक्सच्या वाय-फायमध्येही आला.

मी स्वतः कोड लिहितो. काहीच वाया जाऊ नये, असं मलाही वाटतं. पण वेळेवर थोडं टाकून देणं, हीसुद्धा इंजिनिअरिंगच आहे.

आज एक करा: मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि पिंग बघा. एकदम उसळलं, तर राउटरमध्ये 'एसक्यूएम' सेटिंग आहे का, शोधा. नुसता एमबीपीएसचा आकडा वाढवून ही रांग हटेलच असं नाही. भेटू पुढच्या भागात!