कावसजीने आपला चेहरा कोणाच्या हाती दिला?

शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात आमच्याकडे चिठ्ठी आली: 'चेहऱ्याच्या सुरकुत्या काढायच्या तर योग्य सर्जन कसा ओळखावा?' वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आणि त्याचा माग घेत गेलो तर आपण थेट अठराव्या शतकातल्या पुण्याजवळ पोचतो.

कावसजी हा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. नाव पारशी वाटले तरी मूळ वृत्तान्तात त्याला मराठा शेतकरीच म्हटले आहे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ त्याला नवे नाक मिळाले, आणि ते करणारा होता विटा पाडणाऱ्या जातीतला एक माणूस! मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये ती लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली.

पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ काढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवायची आणि नाकाभोवती घेतलेल्या चिरेत तिची कड बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. डोळ्यांमधली पट्टी कापायची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी.

सारे मर्म त्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत राहते म्हणून कातडी जगते. नव्या जागेतून रक्तपुरवठा सुरू झाला की पट्टीची गरज संपते. घाई केली की नाक काळे पडणार. पंचवीस दिवस थांबण्याचे हे ज्ञान हातांना अनुभवाने आलेले होते. अशी नाके इकडे नवलाची नव्हती, असे तो वृत्तान्तच सांगतो. म्हणजे याआधी केलेली नाके लोकांच्या डोळ्यांसमोर वावरत होती. कारागिराची परीक्षा करायला यापेक्षा चांगली सोय कोणती? खेद एवढाच, की रुग्णाचे नाव छापले गेले, जेम्स वेल्सने काढलेले त्याचे चित्रही छापले गेले, पण ज्याने नाक केले त्याचे नाव कोणी लिहिले नाही.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी ही पद्धत उचलली, तीही लगेच नव्हे. शरीररचना शिकवणाऱ्या या सर्जनने आधी मृतदेहांवर हात बसवला. पहिला जिवंत रुग्ण, एक लष्करी अधिकारी, त्यांनी २३ ऑक्टोबर १८१४ रोजी घेतला. १८१६ मध्ये दोन रुग्णांची हकिकत पुस्तकरूपाने सर्वांपुढे ठेवली.

सुरकुत्यांच्या शस्त्रक्रियेचा आरंभ नेमका याच्या उलट. बर्लिनच्या ऑयगेन होलँडर यांनी १९०१ मध्ये ती केल्याचे जगाला कळले ते पुष्कळ वर्षांनी. असे काम चोरून होई. रुग्णही बोलत नसत. मग तुलना कशाशी करणार? सुरुवातीला नुसती कातडी ताणत. ती लवकरच पुन्हा सैल पडे. १९७६ मध्ये मित्झ आणि पेरोनी यांनी कातडीखालच्या एका पातळ मजबूत थराचे वर्णन केले. तेव्हापासून ताण त्या थराला देता येऊ लागला. मात्र चेहरा हलवणारी नस त्याच्या जवळून, खालून जाते. ती दुखावली तर हसू वाकडे होते.

म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याला आम्ही म्हटले, प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. पदवी पाहाच. आधी-नंतरच्या फोटोंवर भाळू नका. वर्षभरानंतरचे चेहरे दाखवा म्हणा. कोणता थर उचलणार, नस कशी सांभाळणार, गुंतागुंत झाली तर रात्री कोण येणार, हे विचारा. आणि डॉक्टर तुम्हाला तंबाखू-सिगारेटबद्दल विचारतात का, तेही पाहा. या शस्त्रक्रियेतही कातडी कानापासून गालाकडे सोडवतात आणि ती गालाकडून येणाऱ्या रक्तावरच जगते. कानामागची कड सर्वांत लांब. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसल्या, की आधी मरते ती तिथली कातडी.