‘नटरंग’ आणि ‘चंद्रमुखी’ : तुलना लावणीची

‘चंद्रमुखी’च्या गाण्यांना ‘नटरंग’ची सर आहे काय, हा संगीतकार अजय-अतुल यांच्या चाहत्यांमधील आवडता वाद आहे. तुलना स्वाभाविकच म्हणावी लागेल. रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ (२०१०) आनंद यादव यांच्या, तर प्रसाद ओक दिग्दर्शित ‘चंद्रमुखी’ (२०२२) विश्वास पाटील यांच्या कादंबरीवर बेतलेला. दोहोंची पार्श्वभूमी तमाशाची आणि प्रमुख गीते गुरू ठाकूर यांची.

जुन्या चाहत्यांचा कौल ‘नटरंग’कडे झुकतो. बेला शेंडे यांनी गायिलेल्या ‘वाजले की बारा’चा जोश श्रेया घोषाल यांच्या ‘चंद्रा’त नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष आर्या आंबेकर यांच्या ‘बाई गं’चा दाखला देतो. फडाची लावणी ढोलकीच्या कडाडीवर आणि नृत्यावर उभी राहते. बैठकीच्या लावणीत लय संथ, एकेक शब्द आळवायचा आणि भाव बसूनच अदाकारीतून दाखवायचा. ‘बाई गं’ या दुसऱ्या वाटेने जाते. तिच्याकडून फडाच्या जोशाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

कथांची मागणीही वेगळी आहे. ‘नटरंग’ कलेपायी सर्वस्व गमावणाऱ्या गुणाची कहाणी, म्हणूनच तेथे ‘खेळ मांडला’ची आर्त हाक येते. ‘चंद्रमुखी’ ही राजकारण्याच्या प्रेमात गुंतलेल्या कलावतीची व्यथा. त्यामुळे ‘चंद्रा’ची तुलना ‘वाजले की बारा’शी जरूर व्हावी, मात्र संपूर्ण संगीताचा निवाडा त्या एका लावणीवर होऊ नये. राम कदम यांच्या ‘पिंजरा’ची (१९७२) गाणी मनात घर करून असलेल्या रसिकांपुढेच ‘नटरंग’लाही उभे राहावे लागले होते.