दोन तारा आणि एक खूण

सीडी प्लेयरच्या पाठीमागे पाहिले तर एकीकडे लाल-पांढरी ॲनलॉग जोडी दिसते, दुसरीकडे डिजिटल तारेची एकच खोबण. यांपैकी काय जोडावे, हा प्रश्न आम्ही बराच काळ केवळ कानाचा समजत होतो. त्याचा इतिहास पाहिल्यावर तो निम्म्याहून अधिक मालकीहक्काचा वाटू लागतो.

कानाचा भाग लवकर आटोपतो. तबकडीवर सेकंदाला 44,100 वेळा मोजलेल्या ध्वनीचे आकडे असतात आणि ऐकण्यासाठी त्यांचे पुन्हा विद्युत्-लहरींत रूपांतर करावेच लागते. ॲनलॉग तार जोडली तर हे काम प्लेयर करतो, डिजिटल जोडली तर पुढचे यंत्र. ज्याचे रूपांतर सरस, त्याच्यावर ते सोपवावे. (सोनेरी मुलाम्याच्या महागड्या तारांविषयी न बोललेलेच बरे.)

सोनी आणि फिलिप्स यांनी 1982 मध्ये सीडी बाजारात आणली. तोवर कॅसेटवरून कॅसेट उतरवताना दर पिढीला खरखर वाढत असे. हस्तलिखितांच्या परंपरेशी परिचय असलेल्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. नकलेमागून नक्कल झाली की पाठभेद आलेच. आकड्यांच्या नकलेत मात्र पाठभेद शिरत नाही, आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांना भीती वाटली ती नेमकी याचीच.

1987 मध्ये डिजिटल ध्वनिफीत, म्हणजे डॅट, आली तेव्हा अमेरिकेतील सीबीएसने एक विलक्षण उपाय पुढे केला होता. संगीतातूनच स्वरांची एक अरुंद पट्टी कापून टाकायची. ती फट ओळखून रेकॉर्डरने थांबायचे! 1988 मध्ये तेथील शासकीय मानक संस्थेने चाचणी घेऊन निष्कर्ष दिला की ही कापाकापी कानाला कळते, भरवशाची नाही आणि सहज चुकवता येते. त्याच वर्षी डॅट बनवणाऱ्या सोनीने सीबीएसची ध्वनिमुद्रण कंपनीच विकत घेतली. भांडणातला एक पक्ष दुसऱ्याच्या घरात राहायला गेला.

अखेर 1992 च्या कायद्याने संगीताला हात न लावता तारेतून जाणाऱ्या आकड्यांत एक खूण ठेवली. पहिली नक्कल चालेल, नकलेची डिजिटल नक्कल नाही. ॲनलॉग लहरीत ही खूण ठेवायला जागाच नव्हती.

1999 मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली तेव्हा याचा कळस झाला. सीडीहून सूक्ष्म असा तिचा ध्वनी प्लेयरच्या नेहमीच्या डिजिटल खोबणीतून बाहेर पडू दिला जात नसे. बहुवाहिनी संगीतासाठी सहा ॲनलॉग तारा ओढाव्या लागत. या तारांकडे पाहून पुष्कळांना ती मालकाची उंची अभिरुची वाटे. वस्तुतः ती सक्ती होती. 2005 च्या सुमारास एचडीएमआयने या ध्वनीला एका तारेची वाट दिली. तोवर सहांपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की गायिका सोफ्यामागून गाऊ लागे.