औषध कशात विरघळवलं?

हिंगण्यात फार्मसीचे विद्यार्थी आणि एमआयडीसीतली मंडळी एकत्र बसलेली असताना दोघांच्याही कामाची गोष्ट सांगावी, म्हणून आजचा विषय.

आपले वैद्य औषधाबरोबर अनुपान सांगतात. मधातून घ्या, तुपातून घ्या, कोमट पाण्यातून घ्या. प्रयोगशाळेतही हाच प्रश्न असतो. पाण्यात न विरघळणारं औषध पांढऱ्या उंदराच्या पोटात कशातून पोचवायचं? त्या द्रवाला आपण व्हेईकल म्हणतो. प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यापायी माणसं गेलेली आहेत.

१९३७ साल. अमेरिकेत सल्फानिलामाइड गोळ्या आणि पावडरच्या रूपात चांगलं चालत होतं. मॅसेंगिल कंपनीला ते पातळ औषध म्हणून विकायचं होतं. त्यांचे रसायनतज्ज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स यांना ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळतं असं दिसलं. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. प्राण्यांवर विषारीपणा तपासला नाही, आणि तेव्हाचा कायदाही तसं सांगत नव्हता. शंभराहून जास्त माणसं दगावली, त्यात लहान मुलंही होती.

मग शिकागो विद्यापीठात गाइलिंग यांनी उंदीर, ससे, कुत्रे यांच्यावर प्रयोग केले. औषध वेगळं, द्रावक वेगळं. मारणारं निघालं ते द्रावक! उंदरांवर लक्ष ठेवणाऱ्यांत एक विद्यार्थिनी होती, तीच पुढची फ्रान्सिस केल्सी. थॅलिडोमाइडला अमेरिकेत अडवून धरणारी. १९३८ मध्ये तिथे नवा कायदा आला: विकण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवा.

तुम्ही म्हणाल, हे तिकडचं. तर १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा कारभार उघडा पडला.

आणि २०२५? छिंदवाड्याची लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली. खोकल्याच्या औषधात तेच रसायन, तमिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के. चालतं किती, तर ०.१ टक्का. वीसपेक्षा जास्त मुलं गेली. नाव प्रत्येक वेळी औषधाचं झालं, घात मात्र सोबतच्या द्रवाने केला.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रयोगात एक गट नुसत्या व्हेईकलचा ठेवायचाच. पाणी, सलाईन किंवा अर्धा टक्का सीएमसी चालत असेल तर डीएमएसओकडे धावू नका. ते स्वतःच शरीरावर परिणाम करतं. तेल दिलं तर औषध शोषलं जाण्याचा वेग बदलतो. आणि पोटात किती मिली जातंय, तेही लिहून ठेवा.

एक इशारा मात्र द्यायला हवा. डायइथिलीन ग्लायकॉल उंदीर माणसापेक्षा कितीतरी जास्त सोसतो. उंदीर जगला म्हणून माणूस जगेलच असं नाही. शिवाय प्रयोगात शुद्ध द्रावक वापरलं आणि कारखान्यात पिंपातून भलतंच आलं, तर उंदराची साक्ष काय कामाची? म्हणून एमआयडीसीतल्या मंडळींनी पिंपावरचं लेबल वाचून थांबू नये. प्रत्येक पिंपाचा नमुना तपासावा.

अनुपान विचारायची आपली जुनी सवय तेवढी सोडू नका.