एका मोटारीची मालकी-परंपरा : फेरारी २५० जीटीओ, क्रमांक ३८५१

ताम्रपट वा हस्तलिखित कोणाकोणाच्या हातून आले, हे पाहिल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही. शर्यतीच्या दुर्मीळ मोटारींनाही हेच लागू पडते. १९६२ ते १९६४ या काळात फेरारी २५० जीटीओ जातीच्या अवघ्या ३६ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी ३८५१ क्रमांकाची मोटार १९६२ मध्ये फ्रेंच शर्यतपटू जो श्लेसर यांच्याकडे आली. त्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळील मोंतलेरी येथे ती चालविताना ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते स्कीपटू आंरी ओरेइये यांचा अपघाती मृत्यू झाला. दुरुस्त होऊन मोटार इटलीत विकली गेली व १९६५ मध्ये फाब्रित्सिओ व्हिओलाती यांच्या हाती आली. जुन्या झालेल्या शर्यतीच्या मोटारींना तेव्हा फारसे गिऱ्हाईक नसे. व्हिओलातींनी मात्र २०१० मध्ये निधन होईपर्यंत ती विकली नाही. ही ४५ वर्षांची न-विक्रीच, प्रस्तुत लेखकाच्या मते, तिच्या इतिहासातील सर्वांत मोठा व्यवहार होय. १४ ऑगस्ट २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील बोनहॅम्सच्या लिलावात तिला ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलर आले. लिलावात मोटारीला तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत. एरवी अपघात झालेल्या गाडीचा भाव उतरतो. येथे ओरेइये यांचा मृत्यूही तिच्या वंशावळीतील एक नोंद होऊन बसला होता.