घनाचे पाणी आणि राखून ठेवलेला हक्क

पानिपतच्या रणांगणातून १७६१च्या जानेवारीत जी मराठी माणसे उपाशी, उघडी आणि जखमी अवस्थेत दक्षिणेकडे निघाली, त्यांना अन्न, वस्त्र व आसरा मिळाला तो भरतपूरच्या जाट राज्यात. सूरजमल आणि राणी किशोरी यांचे हे उपकार मराठी बखरकारांनी विसरू दिले नाहीत. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेरबहाद्दर याने याच मुलुखात देह ठेवला. मराठी मनात भरतपूरचे नाव असे एका दुःखाशी आणि कृतज्ञतेशी जोडलेले आहे. त्याच सूरजमलाच्या काळात, गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी अडवण्यासाठी अजान बांध घातला गेला. या बांधाच्या पाण्याने पुढे जे घडवले, त्याची कथा जमिनीच्या मालकीची आहे, आणि मालकी गेल्यावरही मागे उरणाऱ्या हक्कांची आहे.

भरतपूर शहराच्या आग्नेयेस एक नैसर्गिक खोलगट भाग आहे. तेथील केवलादेव महादेवाचे मंदिर आणि भोवतालचे दाट रान यांवरून त्याला ‘केवलादेव घना’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाने तेथे बंधारे, पाट व झडपा बांधून अजान बांधाचे पाणी आत आणले. हेतू पक्ष्यांच्या रक्षणाचा मुळीच नव्हता. बदकांची शिकार सोयीची व्हावी, एवढाच होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या सन्मानार्थ पहिली मोठी शिकार झाली. त्यानंतर व्हाइसरॉय, गव्हर्नर, राजेरजवाडे यांची रीघ लागली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो पाहुणे असताना एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हे आकडे मंदिराजवळच्या शिलालेखावर तारखेनिशी कोरलेले असून आजही वाचता येतात. ज्या गोष्टीची आज लाज वाटावी, ती त्या काळी दगडावर कोरण्याजोगी वाटली होती!

१९४८ साली भरतपूर मत्स्य संघात सामील झाले आणि पुढच्याच वर्षी राजस्थानात विलीन झाले. राज्य गेले, परंतु विलीनीकरणाच्या करारांनी संस्थानिकांना तनखे, खाजगी मालमत्ता आणि काही विशेषाधिकार राखून दिले होते. घनाच्या बाबतीत या तडजोडीचे एक ठळक उदाहरण पाहावयास मिळते. दलदल उपसून ती जमीन शेतीसाठी वाटून टाकावी, अशी मागणी स्वातंत्र्यानंतर जोर धरू लागली होती, आणि भूमिहीनांच्या बाजूने पाहता ती अवाजवीही नव्हती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. सालिम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत हा प्रश्न नेला आणि घना वाचला. १३ मार्च १९५६ रोजी तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मात्र शिकारीचा हक्क माजी महाराजांकडे कायम राहिला. म्हणजे एकाच तळ्यावर पक्ष्याला कायद्याचे अभय होते, आणि महाराजांच्या बंदुकीला कायद्याची मुभा! शेवटची मोठी शिकार १९६४ साली झाली. हक्क मात्र त्यानंतरही काही वर्षे कागदावर जिवंत होता. तो संपला १९७२ साली. आदल्याच वर्षी २६व्या घटनादुरुस्तीने तनखे रद्द झाले होते आणि १९७२मध्येच वन्यजीव संरक्षण कायदा आला. सोळा वर्षे चाललेली ही व्यवस्था कोणत्याही दंग्याशिवाय मावळली.

याच भूमीवर आणखी एक हक्क नांदत होता. सभोवारच्या गावांतील गुराखी पिढ्यान्पिढ्या घनात म्हशी चारत, बायका गवत व सरपण नेत, काही कुटुंबे वाळ्याची मुळे खणून विकत. राजाच्या काळी शिकारीच्या दिवसांखेरीज कोणी त्यांना फारसे अडवीत नसे. परंतु हा हक्क वहिवाटीचा होता. महाराजांच्या हक्काला होते तसे कराराचे बळ त्याला नव्हते. मालकी सरकारकडे जाताना राजाशी वाटाघाट झाली, गुराख्याशी झाली नाही.

१९८०च्या दशकाच्या आरंभी अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राभोवती दगडी भिंत उभी राहिली आणि १९८२च्या नोव्हेंबरात चराई बंद करण्यात आली. पक्षिप्रेमींचा, खुद्द सालिम अलींचाही, या बंदीला पाठिंबा होता. म्हशींनी पाणथळ तुडवली जाते, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. गावकरी गुरे घेऊन आत शिरू लागले, चकमक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी प्राणास मुकले. पक्ष्यांसाठी राखलेल्या भूमीवर माणसे मारली गेली, हे वाक्य लिहिताना आजही लेखणी अडखळते.

पुढे घडले ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी १९८० ते १९९० अशी दहा वर्षे घनाचा सखोल अभ्यास केला. त्यात दिसून आले की, पाण्यात पसरणारे पास्पॅलम नावाचे गवत म्हशी खाऊन आटोक्यात ठेवीत होत्या. म्हशी गेल्यावर हे गवत माजले, उघडे पाणी आक्रसले, मासे घटले आणि पाणपक्ष्यांच्या पोटापाण्यावर त्याचा परिणाम झाला. गुराख्याची वहिवाट त्या परिसराच्या व्यवस्थेचाच भाग होती. ज्या संस्थेचा बंदीला पाठिंबा होता, तिच्याच शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष जगापुढे मांडला, हे तिच्या शास्त्रनिष्ठेला शोभणारेच आहे. दरम्यान १९८५ साली घनाला जागतिक वारसास्थळाचा मान मिळालेला होता.

त्यानंतर गावकऱ्यांना परवान्यावर गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. पुढे विलायती बाभूळ माजली, तेव्हा ती मुळासकट उपटण्यासाठी उद्यानाला पुन्हा याच गावांची आठवण झाली. गावांच्या समित्या आत आल्या, बाभूळ उपटली गेली आणि मोबदला म्हणून ते लाकूड त्यांनाच नेऊ दिले गेले.