दसऱ्याचा घोडा

घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालायला पाच मिनिटे पुरतात. पण ती शोभून दिसावी असा घोडा तयार करायला आख्खा पावसाळा जावा लागतो. आमच्या अंधेरीत टांगे होते, तेव्हा हे कोणाला सांगावे लागत नसे. दसऱ्याला टांगेवाले आपली जनावरे धुऊन, सजवून रस्त्यावर आणीत. आम्हा मुलांचे डोळे डोक्यावरच्या तुऱ्याकडे. वडीलधारी माणसे मात्र पाठ आणि खूर पाहत. आता उपनगरात घोडी दिसते ती लग्नाच्या वरातीत, झुलीखाली झाकलेली. झुलीखाली काय आहे, हे विचारतो कोण?

मराठ्यांच्या काळी हा प्रश्न राज्याच्या जिवाशी येऊन भिडत असे. भीमथडीचे तट्टू अंगाने लहान, पण मोठे काटक. त्याच्या पाठीवर आपली फौज मुलूखभर हिंडली. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पागेत पंचवीस घोड्यांमागे पाणी देणारा एक पखालजी आणि एक नालबंद असे, असे सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे. पावसाळ्यात फौज छावणीला येई आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडे.

म्हणजे खरी तयारी छावणीतली. खरारा करणे म्हणजे नुसती धूळ झाडणे नव्हे. हात फिरता फिरता कुठे सूज आहे, कुठे खोगीर लागले आहे, हे मोतद्दाराला समजते. ओल्या जागी खूर सडतो, म्हणून तो रोज उचलून साफ करायचा. तोबऱ्यात भिजवलेल्या हरभऱ्यांची चंदी द्यायची, आणि जनावर जड होऊ नये म्हणून हातात दोरी धरून हिंडवायचे.

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे जाणते गिऱ्हाईक साजाला भुलत नाही. दात पाहून वय ठरवते, अंगावरचे भोवरे पाहते, मग घोडा रिकाम्या पाठीने चालवून आणि दुडकी काढून पाहते. खोगीर उतरले की खोगीरभरतीचा उपयोग संपतो!

पण वाचकहो, एक गोष्ट त्या गिऱ्हाइकालाही दिसत नाही. घोडा तुकतुकीत आहे खरा. पण तो कोणाच्या दाण्यावर पोसला?

शिवाजी महाराजांनी ती गोष्ट पाहिली. १६७४ च्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना त्यांनी पत्र लिहिले. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलीत, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल आणि तिला मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल, इतक्या बारीकसारीक सूचना त्यात आहेत. राज्याभिषेकाच्या धामधुमीच्या त्या काळात राजा गवताच्या गंजीचा विचार करीत होता!

म्हणून मला वाटते, दसऱ्याच्या घोड्याची तकाकी डोळे भरून पाहावी. पण ती शेतकऱ्याची कणगी रिती करून आलेली नाही ना, हेही पाहावे. आपल्या इतिहासाने घोड्याची परीक्षा इथवर नेली आहे.